रिकामा फ्लॅट रोजच्या भाड्याने ऑनलाइन द्यावा का? अनुभव असेल त्यांनी सांगा

निवांत_कोपरा

नमस्कार, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारते. माझ्या नावावर एक छोटा फ्लॅट आहे, एक बेडरूम, हॉल, किचन. इतके दिवस भाडेकरू होते, चांगले होते, त्यांची बदली झाली आणि ते गेले. आता घर रिकामं पडलंय. एजंट रोज फोन करतोय की नवीन पार्टी आणतो, पण माझा मावसभाऊ म्हणतो ताई कशाला वर्षाचा करार करतेस, एअरबीएनबीवर (रोजच्या भाड्याने घर द्यायची साइट) टाक, महिन्याचं भाडं दहा रात्रीत सुटेल. त्याने फोनवर त्याच भागातले फ्लॅट काढून दाखवले आणि एका रात्रीचे रेट बघून खरंच मोह होतोय.

पण मी नोकरी करते, सकाळी जाते ती संध्याकाळी उशिरा येते. फ्लॅट माझ्या राहत्या घरापासून जवळच आहे, तेवढं एक बरंय. मला विचारायचंय की खरंच एवढे पैसे सुटतात का, नोकरी सांभाळून जमतं का, आणि अनोळखी माणसं राहणार तर मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून झालेत, त्यात सगळे फक्त कमाईच सांगतात.

दोन_किल्ल्या

पैशाचं नंतर बघू, आधी परवानगीचं बघा. हा मुद्दा लोक शेवटी ढकलतात आणि फर्निचर वगैरे घेऊन झाल्यावर सोसायटीचं पत्र हातात पडतं.

चार ठिकाणी विचारायचं. एक, तुमची सोसायटी किंवा बिल्डिंगचे नियम, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या भाडेकरूला हरकत नसते पण रोज बदलणाऱ्या लोकांना स्पष्ट मनाई असते. दोन, घरावर कर्ज असेल तर बँकेचा करार वाचा. तीन, घराचा विमा. साधा घरगुती विमा बऱ्याचदा अशा धंद्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे विमा कंपनीला लेखी विचारा, फोनवर कोण काय म्हणालं याला काही किंमत नाही. चार, तुमच्या शहराचा नियम.

हे चौथं हलक्यात घेऊ नका कारण जगभर नियम कडक होत चाललेत. लंडनमध्ये अख्खं घर असं द्यायचं तर वर्षाला ९० रात्री, त्यापुढे वेगळी परवानगी लागते. ॲमस्टरडॅममध्ये तर जास्तीत जास्त ३० रात्री. जपानने २०१८ मध्ये कायदा आणला आणि वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तर ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर नोंदणी पाहिजे, होस्ट म्हणजे घर देणारा स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे तुमच्यासारखा रिकामा फ्लॅट तिथे असा देताच येणार नाही. बार्सिलोनाने तर जाहीर केलंय की २०२८ च्या शेवटापर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करणार. तिथे ज्यांनी कर्ज काढून पर्यटकांसाठी म्हणून फ्लॅट घेतले असतील त्यांचा विचार करा.

सांगायचा मुद्दा असा की आज चालतंय म्हणून पाच वर्षांनी चालेलच असं नाही. या उत्पन्नाच्या भरवशावर नवीन हप्ता अजिबात घेऊ नका. आणि हो, हे उत्पन्न करपात्र असतं, युरोपियन युनियनमध्ये तर २०२३ पासून या साइट्सना होस्टची कमाई करखात्याला स्वतःहून कळवावी लागते. तेव्हा लपून राहील या भ्रमात राहू नका, पहिल्या दिवसापासून हिशोब लिहून ठेवा.

आकडेमोड

मावसभावाचं गणित मी जरा उलगडून दाखवतो. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात म्हणून रुपये-डॉलर सोडा, समजा वर्षाच्या भाडेकरूकडून महिन्याला १०० मिळतात. आणि एका रात्रीचा रेट आहे १०. म्हणजे दहा रात्रीत १०० झाले, पुढे सगळा फायदा, बरोबर ना? इथेच सगळे फसतात.

समजा महिन्यात १५ रात्री बुक झाल्या. हातात आले १५०. त्यातून साइटचं कमिशन. एअरबीएनबीवर पूर्वी बहुतेक होस्टकडून ३% आणि उरलेलं पाहुण्याकडून घ्यायचे, आता होस्टकडूनच १५.५% कापण्याकडे कल आहे. बुकिंग डॉट कॉमवर पण साधारण १५% च्या आसपास धरा. म्हणजे १५०चे झाले १२७. आता १५ रात्री म्हणजे साधारण सहा बुकिंग. प्रत्येक वेळी सफाई आणि चादरी-टॉवेल धुणं, एका वेळचे ४ धरले तर २४ गेले. उरले १०३. वीज, पाणी, इंटरनेट, साबण, टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या हे सगळं आता तुमच्या खिशातून, कारण आधी वीज-इंटरनेटचं बिल भाडेकरू भरायचा. त्याचे १५ धरा. उरले ८८. म्हणजे निम्मा महिना घर भरलेलं असूनही भाडेकरूपेक्षा कमी!

याच हिशोबाने बघितलं तर १७ रात्रींच्या आसपास बरोबरी होते, आणि २० रात्री भरल्या तर १२० सुटतात. म्हणजे २० जास्त मिळाले, पण त्यासाठी आठ वेळा सफाई, आठ वेळा किल्ली, आणि बुकिंग नाही झालं तरी उत्तरं द्यावी लागणारे मेसेज वेगळेच. त्यात अजून फर्निचर, गाद्या, भांडी, टीव्ही यांचा सुरुवातीचा खर्च धरलेलाच नाही.

तुमचा रेट १०च्या ऐवजी १५ असेल तर चित्र एकदम बदलतं हे पण खरं. म्हणून सगळ्यात महत्त्वाची माहिती ही की तुमच्या भागात ऐन सीझन सोडून मंदीच्या महिन्यात किती रात्री भरतात. ती काढायला सोपा मार्ग सांगतो. आजूबाजूच्या पाच-सहा लिस्टिंगची (साइटवर टाकलेल्या घरांची) कॅलेंडरं उघडा, पुढच्या दोन आठवड्यांत किती तारखा बंद आहेत त्या लिहून ठेवा, परत आठवड्याने बघा. सगळ्याच बंद तारखा बुकिंगच्या नसतात, कधी मालकानेच बंद ठेवलेल्या असतात, पण अंदाज येतो. आणि भावाने दाखवले ते रेट ना, ते मागितलेले रेट आहेत. त्या रेटला कोणी खरंच राहिलं की नाही ते त्या स्क्रीनवर दिसत नाही.

निवांत_कोपरा

बापरे, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. पण @आकडेमोड, सफाईचे पैसे पाहुण्याकडून वेगळे घेतात ना? मी लिस्टिंगमध्ये तसं बघितलंय.

आकडेमोड

घेता येतात. पण पाहुणा शेवटी एकूण आकडा बघूनच ठरवतो आणि आता साइटवर टॅक्स सोडून बाकी सगळे चार्जेस धरूनच किंमत दिसते. तुम्ही सफाईचे ४ लावले तर एका रात्रीसाठी येणाऱ्याला तुमचं घर १४ ला पडतं, तो शेजारच्या लिस्टिंगवर जातो. तीन-चार रात्री राहणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही. पैसे त्याच्याच खिशातून येणार, कुठल्या नावाने घेता एवढाच फरक.

मुक्कामपोस्ट

मी हे काम स्वतः करते, आमच्या घराचा वरचा मजला देते, त्यामुळे प्रत्यक्षातलं सांगते. वरचे दोन्ही प्रतिसाद अगदी बरोबर आहेत पण त्यावरून घाबरून जाऊ नका. हे काम आवडीने करणाऱ्याला यात समाधान आहे, पैसेही आहेत. फक्त याला "बसून मिळणारं उत्पन्न" म्हणतात ते साफ चुकीचं आहे. हे काम आहे आणि ते बहुतेक वेळा चेक-आउट आणि चेक-इन यांच्या मधल्या चार तासांत असतं.

ते चार तास डोळ्यासमोर आणा. सकाळी अकराला एक कुटुंब गेलं, दुपारी तीनला दुसरं येणार. आत गेल्या गेल्या आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, फोनवर प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे (हे का ते पुढे सांगते), चादरी काढून मशीनला लावायच्या. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन सेट हवेत, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात, कारण पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो आणि मशीन नेमकं त्याच दिवशी बंद पडतं. चादरी पांढऱ्याच घ्या, डाग पडला तर ब्लीच करता येतो आणि एक फाटली तर जुळणारी दुसरी लगेच मिळते. मग बाथरूम. जाळीवर अडकलेला एक केस, बस तेवढाच, अख्खं घर चकाचक असलं तरी पाहुण्याच्या मनात तोच राहतो आणि रिव्ह्यूमध्येही तोच उतरतो. फ्रीजच्या दाराचे कप्पे, पलंगाखाली, रिमोटचे सेल, उशीच्या अभ्र्याच्या आत हात घालून बघणं, हे सगळं रोजच्या सफाईत आपण करत नाही, इथे दर वेळी करावं लागतं.

तुम्ही सकाळी जाऊन उशिरा येता म्हणजे हे चार तास तुमच्याकडे नाहीत. त्यामुळे पहिला प्रश्न लिस्टिंगचा नाहीच, भरवशाचं सफाईचं माणूस आहे का हा आहे. एक नाही, दोन. एक आजारी पडलं की दुसरं. त्यांना चांगले पैसे द्या, बुकिंग आलं की लगेच तारीख कळवा, आयत्या वेळी बोलावू नका. माझा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे हे मी अगदी मनापासून सांगते.

दुसरं म्हणजे खरं लिहा. तिसरा मजला आणि लिफ्ट नसेल तर पहिल्या दोन ओळींतच लिहा. समोर रस्ता असेल, आवाज येत असेल तर तेही. फोटो दिवसा उजेडात काढा पण खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसेल असे नको. लोक चिडतात ते घर लहान आहे म्हणून नाही, मोठं सांगून लहान निघालं म्हणून चिडतात. रेटिंगमध्ये स्वच्छता, चेक-इन, संवाद, जागा, किंमत यांच्याबरोबर वर्णन खरं होतं का याचेही वेगळे स्टार असतात. आणि चार स्टार म्हणजे आपल्याला वाटतं चांगलंच आहे की! पण सुपरहोस्ट (एअरबीएनबी चांगल्या होस्टला देते तो दर्जा) व्हायला सरासरी ४.८ लागते, ९०% मेसेजना चोवीस तासांत उत्तर लागतं आणि बुकिंग रद्द करण्याचं प्रमाण १% च्या खाली, आणि दर तीन महिन्यांनी हे परत तपासतात. सुरुवातीच्या चार-पाच रिव्ह्यूंवर पुढचं बरंच ठरतं, म्हणून सुरुवातीला रेट थोडा कमी ठेवा आणि सगळा जीव त्या पहिल्या पाहुण्यांवर लावा.

पाहुण्याने आणि तुम्ही, दोघांनी रिव्ह्यू लिहायला १४ दिवस मिळतात आणि दोघांचं लिहून झाल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही. त्यामुळे बदला घेतील या भीतीने खोटं गोड लिहू नका, पुढच्या होस्टला खरं कळू द्या.

छोट्या छोट्या चिठ्ठ्या लावा. गरम पाण्याचं बटण कुठलं, गॅस कुठून बंद करायचा, वायफायचा पासवर्ड, कचरा कधी आणि कुठे. "गरम पाणी येत नाहीये" हा रात्री साडेअकराचा मेसेज एका चिठ्ठीने कायमचा बंद होतो, स्वानुभव. किल्लीसाठी कोडचं कुलूप बसवा आणि प्रत्येक पाहुण्यानंतर कोड बदला. आणि एक रात्रीचं बुकिंग सुरुवातीला घेऊच नका, किमान दोन रात्री ठेवा, सफाईचा खर्च तोच पण धावपळ निम्मी. दोन साइटवर टाकणार असाल तर दोन्हीकडची कॅलेंडरं एकमेकांना जोडून घ्या नाहीतर एकाच तारखेला दोन कुटुंबं दारात.

शेजारधर्म

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. आमच्या मजल्यावर समोरचा फ्लॅट असा दिलेला आहे. मालक दुसऱ्या गावी राहतो, आम्ही त्याला कधी बघितलेलं पण नाही. रात्री दीड वाजता चाकाच्या बॅगा जिन्यातून खडखड करत वर येतात, चुकीच्या दाराला कोड मारत बसतात, आमची बेल वाजते. घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मूल आहे, दचकून उठतात. एकदा तर मध्यरात्रीपर्यंत पार्टी. तक्रार कोणाकडे करायची? पाहुणा परवा जाणार, त्याला काय फरक पडतो, आणि मालकाचा फोन लागत नाही.

आणि फक्त आवाजाचं नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये असे तीन फ्लॅट झाले, त्यातले दोन आधी भाड्याने होते, कुटुंबं राहायची, पोरं खाली खेळायची. भाड्याने घर शोधणाऱ्यांना आता मिळत नाही. वर ज्या शहरांचे नियम दिलेत ते काय उगाच आले नाहीत, राहणाऱ्या लोकांनी घरं मिळेनात म्हणून ओरड केली तेव्हा आले. ताई, तुम्ही चांगल्या मनाने विचारताय असं वाटतंय म्हणून लिहिलं, आजूबाजूच्यांचा पण विचार करा.

मुक्कामपोस्ट

@शेजारधर्म, तुमचा त्रास शंभर टक्के खरा आहे आणि मालक असा वागत असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. पार्टीला एअरबीएनबीची २०२० पासून बंदी आहे, २०२२ मध्ये ती कायमची केली. शेजाऱ्यांनाही तक्रार नोंदवायची सोय त्यांच्या साइटवर आहे, होस्ट नसलात तरी करता येते, ती जरूर वापरा. तारीख-वेळ लिहून तक्रार करा.

होस्टने काय करावं ते सांगते. मी सुरू करायच्या आधीच दोन्ही बाजूच्या घरांत जाऊन बोलून आले, माझा नंबर देऊन आले आणि रात्री कधीही फोन करा म्हणाले. पाहुण्यांना बुकिंग झाल्यावर पहिल्याच मेसेजमध्ये लिहिते की रात्री दहानंतर आवाज नको, उशिरा येणार असाल तर बॅगा उचलून आणा. दारावर ठळक नंबर लावलाय म्हणजे शेजारची बेल वाजत नाही. निवांत_कोपरा, तुम्ही जवळ राहता ही तुमची खरी जमेची बाजू आहे, बोलावलं तर जाता येईल. लांब राहणाऱ्याने हे करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

निवांत_कोपरा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. शेजारधर्म यांचं वाचून खरंच विचारात पडले, आमच्या बिल्डिंगमध्ये पण खूप ज्येष्ठ मंडळी आहेत. दोन शंका राहिल्यात. मोडतोड झाली तर साइट भरपाई देते म्हणतात ते कितपत खरं? आणि भाऊ म्हणतो हॉलमध्ये एक कॅमेरा लाव म्हणजे टेन्शन नाही, आणि एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी बाहेरून थेट पैसे घे, कमिशन वाचेल.

दोन_किल्ल्या

भावाचं हे दोन्ही ऐकू नका.

घराच्या आत कॅमेरा अजिबात नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातलीय, हॉल असो की पॅसेज, सांगून लावला तरी चालत नाही. बाहेर दारावर चालतो पण लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी कोणाच्या मुक्कामात डोकावणं बरोबर नाही, पैसे देऊन राहतोय तोपर्यंत ते घर त्याचं आहे.

बाहेरून पैसे घेणं, साइटवरून आलेल्या पाहुण्याकडून तर नियमातच बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे त्या मुक्कामाला कुठलंच संरक्षण राहत नाही. फसवणूक बहुतेक अशीच होते, "मी जास्तीचे पाठवलेत, फरक परत पाठवा" वगैरे. साइटवरून घेतलेत तर एअरबीएनबी साधारण चेक-इनच्या वेळेनंतर चोवीस तासांनी तुमचे पैसे सोडते, बँकेत यायला अजून काही दिवस. तेवढं थांबायला काही हरकत नाही.

भरपाईचं म्हणाल तर एअरकव्हर नावाची सोय आहे, ३० लाख डॉलरपर्यंत वगैरे आकडा असतो, पण तो मोडतोडीचा भाग म्हणजे विमा पॉलिसी नाही, कंपनीच्या अटींवर चालतो. पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत मागणी करावी लागते, आधी पाहुण्याकडेच मागायचे, त्याने चोवीस तासांत दिले नाहीत तर मग साइटला मध्ये घ्यायचं. पुरावा लागतो. मुक्कामपोस्ट यांनी फोटोंचं सांगितलं ना, ते याच्यासाठी. पाहुणा यायच्या आधीचा फोटो आणि गेल्यावरचा, दोन्ही तारखेसकट, आणि महागाच्या वस्तूंची बिलं. आजीची पैठणी, चांदीची भांडी, कागदपत्रं असलं काही त्या घरात ठेवायचंच नाही, कुलूपबंद कपाटात पण नाही. ज्याची किंमत पैशात होत नाही त्याची भरपाई कोण देणार?

आकडेमोड

एक मधला रस्ता सुचवतो, कोणी बोललंच नाही म्हणून. महिना ते तीन-चार महिने राहणारे लोक. बदली होऊन आलेले, प्रोजेक्टवर आलेले, स्वतःच्या घराचं काम काढलेलं कुटुंब, कोणाचं ऑपरेशन असेल तर सोबत राहणारे नातेवाईक. त्याच साइट्सवर महिन्याच्या मुक्कामासाठी वेगळी सूट लावता येते आणि किमान रात्री ३० ठेवता येतात. रात्रीचा रेट कमी मिळतो पण सफाई महिन्यातून एकदा, मेसेज कमी, जिन्यात रोज नवीन चेहरे नाहीत, आणि बऱ्याच शहरांचे कमी मुदतीचे निर्बंध ३० दिवसांच्या आतल्याच मुक्कामांना असतात. मी वरच्याच आकड्यांनी बसवलं तर फर्निचर असलेला फ्लॅट महिन्यासाठी १५० ला दिला आणि वर्षात नऊ महिने भरला तर १३५० होतात. त्यातून कमिशन साधारण २१० आणि बिलं, सफाई मिळून १५० वजा केले तरी ९९० राहतात. वर्षाच्या भाडेकरूचे १२००. म्हणजे तिथेही भाडेकरूच पुढे! १५० च्या जागी १८० मिळाले तरच तो रस्ता १२०० च्या वर जातो. तुमच्या भागात एवढा फरक मिळतो का ते आधी बघा. एक लक्षात ठेवा, मुक्काम लांबला की काही ठिकाणी राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्क मिळतात, तेव्हा करार वकिलाकडून बघून घ्या.

निवांत_कोपरा

महिन्याचा पर्याय माझ्या नोकरीत बसतोय असं वाटतंय, शेजाऱ्यांनाही चालेल. रेट मिळतो का ते तुमच्या पद्धतीने कॅलेंडरं बघून शोधते, तोपर्यंत एजंटला नाही म्हणत नाही, पंधरा दिवस थांब म्हणते. सोसायटीच्या ऑफिसला या रविवारी पत्र देणार आहे. पत्रात काय काय लिहू?

मुक्कामपोस्ट

फ्लॅट नंबर, किमान मुक्काम किती ठेवणार, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं, ओळखपत्र घेऊनच आत सोडणार हे, पार्किंगची जागा वापरणार की नाही, आणि तक्रारीसाठी तुमचा चोवीस तास लागणारा नंबर. शेवटी लेखी उत्तर मागा आणि तुमच्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का, सही, तारीख घेऊन या. तोंडी "हो हो काय हरकत नाही" म्हणाले तर थांबा, कमिटी बदलली की तो होकार कोणालाच आठवत नाही.